वाढणारी मंडळी : अंत्युखियाकरांपासून धडा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 11:19-30; 13:1-3; 14:21-28; गलतीकरांस पत्र 2:11-14.



आपल्या खेड्यांतील मंडळ्यांच्या वार्षिक सभा भरतात, तेव्हा एक प्रश्न हटकून निघतो : आमची मंडळी वाढत का नाही? कोणी म्हणतो, पाळक दूर राहतात. कोणी म्हणतो, प्रार्थनामंदिराचे छप्पर गळते. कोणी म्हणतो, पूर्वी बाहेरून पैसा येत असे, तो आता येत नाही. ह्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु ज्या मंडळीस आरंभी ना मंदिर होते ना पाळक, आणि तरीही जी वाढली, अशा एका मंडळीचा वृत्तांत शास्त्रात दिला आहे. उपदेशक बंधूंनी हा पाठ मंडळीपुढे सावकाश वाचावा व मग पुढील मुद्दे एकेक घ्यावेत.

अंत्युखिया हे सूरिया प्रांतातील मोठे शहर ओरोंतेस नदीच्या काठी वसले होते. रोम व आलेक्सांद्रिया ह्यांच्या खालोखाल रोमी साम्राज्यात त्याची गणना होई. आज त्या ठिकाणी तुर्कस्तानातील अंताक्या हे शहर आहे. 2023 च्या फेब्रुवारीतील भूकंपात त्याची फार हानी झाली.

1. आरंभ कोणी केला? स्तेफनाच्या वधानंतर छळ झाला व विश्वासणारे देशोधडीस लागले. त्यांतील बहुतेक जण केवळ यहूद्यांशीच बोलत. पण कुप्र व कुरेने येथील काही जणांनी अंत्युखियात येऊन हेल्लेण्यांसही सुवार्ता सांगितली. ह्या माणसांची नावे लूकाने दिलेली नाहीत. ती प्रेषित नव्हती. कोणी त्यांस नेमून पाठविलेले नव्हते. घरदार सुटलेली ही साधी माणसे होती. सुवार्ता सांगणे हे केवळ पगारी उपदेशकाचे काम आहे असे ज्या मंडळीस वाटते, तिने ह्या निनावी माणसांकडे पाहावे. बाजाराच्या दिवशी शेजाऱ्याबरोबर चालत जाणारा शेतकरी जे बोलू शकतो, ते पुष्कळदा उपदेशकास बोलता येत नाही.

2. शिकविण्यास वेळ दिला. यरुशलेमेहून बर्णबा आला. काम एकट्याच्याने होणार नाही हे त्याने ओळखले व तो शौलास शोधण्यास तार्सास गेला. मग त्या दोघांनी एक वर्षभर मंडळीत मिळून पुष्कळ लोकांस शिक्षण दिले. शिष्यांस ख्रिस्ती हे नाव प्रथम तेथेच पडले. नावे नोंदविण्याची घाई व शिकविण्याचा आळस ह्यांमुळे मंडळी फुगते, वाढत नाही. धान्याचे अथवा नोकरीचे आमिष दाखवून जो आणला, तो दुसरे मोठे आमिष दिसताच निघून जातो. बाप्तिस्म्यापूर्वी व नंतर प्रत्येकास वाचण्यास शिकविणे, निदान शास्त्र ऐकून समजून घेण्यास शिकविणे, हे पहिले काम होय.

3. एका पंक्तीस बसले. तेराव्या अध्यायात तेथील पाच शिक्षकांची नावे आहेत : कुप्रचा लेवी बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेचा लूक्य, हेरोदाबरोबर लहानाचा मोठा झालेला मनाएन, आणि परूशी शौल. इतके भिन्न लोक एकत्र सेवा करीत होते. तरी तेथेही संकट आले. यरुशलेमेहून काही जण येताच पेत्र विदेशी बंधूंबरोबर जेवण्याचे टाळू लागला. त्याच्या मागे इतर गेले, बर्णबादेखील गेला. पौलाने पेत्रास सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला. ताटाची ही गोष्ट पौलास सुवार्तेच्या सत्याइतकी मोठी वाटली.

वाचकहो, येथे आम्ही थोडे थांबतो. आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांस गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. असे असता आपल्याच मंडळीत एका वाड्याचे लोक दुसऱ्या वाड्याच्या लोकांपासून दूर बसत असतील, प्रभुभोजन एकत्र घेऊन लग्नाच्या पंक्तीस मात्र वेगळे होत असतील, तर शेजारी आपले बोलणे का ऐकतील? वाढीची योजना कागदावर कितीही सुंदर असो, ही भिंत उभी असेल तर ती योजना व्यर्थ होय. हे सांगण्यास धैर्य लागते. उपदेशकाने पौलाप्रमाणे ते करावे.

4. आपापल्या शक्तीप्रमाणे दिले. क्लौद्य कैसराच्या काळी दुष्काळ पडला. तेव्हा ह्या नव्या मंडळीने यहूदीयातील बंधूंस मदत पाठविली. काल जी शिकत होती, ती आज देऊ लागली. मिझोरममधील ख्रिस्ती भगिनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्वयंपाकाच्या वेळी देवासाठी मूठभर तांदूळ बाजूस काढीत आल्या आहेत, व त्या मुठीतून तेथील मंडळ्यांचे मोठे काम उभे राहिले. आपण आपल्या ज्वारीचा हिशेब करू. एक मूठ सुमारे 50 ग्रॅम धरली, तर रोज एक मूठ याप्रमाणे एका घराचे वर्षास सव्वाअठरा किलो होतात. वीस घरांची मंडळी असेल तर 365 किलो, म्हणजे साडेतीन क्विंटलांहून अधिक. गरिबी आहे म्हणून काहीच देता येत नाही, असे ह्या हिशेबापुढे सहसा म्हणता येणार नाही.

5. आपल्यातील उत्तम माणसे पाठविली. उपास व प्रार्थना करून मंडळीने बर्णबा व शौल ह्यांस पाठविले. जे नकोसे होते त्यांस नव्हे, तर ज्यांवाचून अडेल त्यांस. त्या दोघांनी लुस्त्र, इकुन्या वगैरे ठिकाणी मंडळीमंडळीत वडील नेमले, आणि परत येऊन सर्व मंडळीस जमवून झालेले काम सांगितले.

हाच विचार आपल्या प्रांतातही पूर्वी मांडला गेला आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) ठाणे घातले. पुढे 1854-55 साली अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडर्सन हिंदुस्थानात आले. त्यांचा आग्रह असा होता की, देशी मंडळ्यांवर देशी पाळक असावेत, आणि प्रत्येक मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च व स्वतःच्या भोवती सुवार्ताप्रसार ही तिन्ही कामे स्वतः उचलावी. त्याच काळात हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक हे नगरच्या मंडळ्यांचे पाळक झाले. ह्या तिन्हींपैकी आपल्या मंडळीने किती उचलले आहे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

आता करावयाचे काय? आमची सूचना अशी आहे. पहिल्या महिन्यात वडिलांनी घरोघर जाऊन यादी करावी : घरे किती, वाचता येणारे किती, आजारी व एकाकी कोण, गाणारे, शिवणारे, हिशेब जाणणारे कोण. दुसऱ्या महिन्यापासून मुठीचे धान्य सुरू करावे व त्याचा हिशेब दर महिन्यास सर्वांसमोर वाचावा. मग जवळची एकच वस्ती निवडून दोन माणसांस तिची जबाबदारी द्यावी. त्यांनी प्रथम तेथील लोकांच्या सुखदुःखात जावे, मग बोलावे. सुगी झाल्यावर मंडळी जमवून जे साधले ते व जे साधले नाही तेही सांगावे. पुढील वर्षाची योजना त्यावरून करावी.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
(1) अंत्युखियात प्रथम सुवार्ता कोणी सांगितली? त्यांची नावे का दिली नसावीत?
(2) पौलाने पेत्रास का दोष दिला? आपल्यात तसे काही घडते काय?
(3) आपली मंडळी आपल्यातील कोणास पाठवील? ज्यांवाचून अडेल असे ते कोण?

प्रार्थनेचा विषय : ज्या वस्तीकडे आपण वर्षानुवर्षे केवळ रस्त्यावरून पाहत आलो, तिचे नाव घेऊन ह्या आठवड्यात रोज प्रार्थना करावी.