पायथ्याशी उभं राहून बघ

मनू, तू पाठवलेले दोन्ही फोटो बघितले. एकात मिशिगन सरोवराच्या काठाने उभं असलेलं शिकागो, दुसऱ्यात संध्याकाळच्या उजेडातलं ह्यूस्टन. आणि खाली तुझा प्रश्न, “ताई, कुठलं छान?” फोटोपुरतं विचारत असशील तर शिकागो, क्षणभरही विचार करायला नको. पण तुला तिथे फिरायला जायचं नाहीये. नोकरी करायची आहे, पहिल्यांदाच घर सोडून, एकटीने, आणि तेही गाडी चालवता येत नसताना. मी आधी ह्यूस्टनला राहिले, मग इकडे शिकागोला आले. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार कळतं मला. चहा घेऊन बस, सविस्तर सांगते.

तू म्हणशील, स्कायलाइन काय बघायची, पगार नि भाडं बघू या. ते बघूच. पण माझा अनुभव असा, की स्कायलाइन नीट बघितली तर त्या शहरात आपले दिवस कसे जाणार हे बरंचसं कळतं. उंची किती ते सोड. इमारती कुठे येऊन थांबतात, दोन इमारतींच्या मध्ये काय आहे, संध्याकाळी सहानंतर त्यांच्या पायथ्याशी कोण चालतं, ते बघ.

शिकागोच्या फोटोत इमारतींच्या पुढे हिरवा पट्टा दिसतो ना, आणि मग पाणी? तो पट्टा आपोआप राहिलेला नाही. १८३६ साली सरोवराकाठच्या जमिनीचे प्लॉट पाडताना सरकारी माणसांनी नकाशावरच लिहून ठेवलं होतं, की ही जागा सगळ्यांची, इथे कधी इमारत उठायची नाही. पुढे शहर वाढलं, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि जो तो तिथे काहीतरी बांधायला बघू लागला. तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड नावाचा एक व्यापारी १८९० पासून वीस वर्षं कोर्टात भांडत राहिला. टपालाने माल विकणारा माणूस, पण त्या एका नकाशावरच्या ओळीसाठी त्याने शहरातल्या बड्या लोकांशी वैर घेतलं. त्याच्यामुळे आज तू-मी पैसा न मोजता त्या काठावर जाऊन बसू शकतो. काठाने जवळजवळ २९ किलोमीटरची चालायची नि सायकलची वाट आहे. जूनमधल्या एखाद्या संध्याकाळी तिथे जाऊन बघ. पोरं पोहतायत, आजोबा मासे धरतायत, कुणाचं शेगडीवर काहीतरी भाजणं चाललंय, आणि पाठीशी सगळ्या गगनचुंबी इमारती. मला हे शहर आवडतं ते त्या इमारतींपेक्षा त्यांच्यापुढच्या या मोकळ्या जागेमुळे.

आता इमारतींचंही सांगते, कारण तुला त्यात रस आहे. १८७१ च्या आगीत शहराचा मधला भाग जळून खाक झाला आणि त्यानंतर जे बांधलं गेलं त्यातून उंच इमारतींचं शास्त्रच उभं राहिलं. १८८५ ची होम इन्शुरन्स बिल्डिंग दहा मजल्यांची, भिंतींऐवजी लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर तोललेली. आता ती नाही, १९३१ मध्ये पाडली. पण माझा जीव आहे तो फजलूर रहमान खान यांच्या कामावर. ढाक्यात जन्मलेला, कोलकात्याजवळच्या शिबपूरला शिकलेला हा इंजिनिअर १९५२ मध्ये इलिनॉयला आला, आणि पुढे विलिस टॉवर, म्हणजे जुना सिअर्स टॉवर, त्याच्याच हिशोबावर उभा राहिला. ११० मजले, ४४२ मीटर. कडब्याचं एकेक ताट वाऱ्याने वाकतं, पण पेंढी बांधली की उभी राहते; तसे नऊ चौकोनी नळ एकत्र बांधलेत त्याने. म्हणून ती इमारत वर जाताना पायऱ्या पायऱ्यांनी बारीक होते. दोन नळ पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, आणि शेवटचे दोनच टोकापर्यंत जातात. पुढच्या वेळी फोटो मोठा करून बघ.

त्याचीच दुसरी इमारत, बाहेरून मोठ्या फुल्या असलेली, म्हणजे जुनं हॅनकॉक सेंटर. १९६९ ची. तिच्यात खाली दुकानं, मग कार्यालयं, आणि वर माणसं घर करून राहतात. ४४ व्या मजल्यावर पोहायचा तलाव आहे. मुद्दा हा, की इथल्या उंच इमारतींत रात्री दिवे लागतात ते स्वयंपाकघरांतले असतात. आणि वर माणूस राहतो म्हणून खाली किराणा दुकान चालतं, औषधाचं दुकान रात्री उघडं राहतं, आणि रात्री नऊला तू स्टेशनातून चालत घरी येतेस तेव्हा रस्त्यावर आणखी चार माणसं असतात. एकट्या मुलीला शहरात काय हवं असतं, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

ह्यूस्टन मात्र वेगळंच आहे. योगायोग बघ, तेही १८३६ चंच. अॅलन नावाच्या दोन भावांनी बफेलो बायू या ओढ्याकाठी जमीन घेतली आणि प्लॉट पाडून विकायला काढले. तो विकायचा उत्साह त्या शहरात अजून आहे. कुठे घर, कुठे दुकान, कुठे कारखाना हे ठरवणारा झोनिंगचा कायदा तिथे नाही. मतदारांनी तो वेळोवेळी नाकारला, शेवटचा १९९३ मध्ये. म्हणून विमानातून उतरताना तुला एक स्कायलाइन दिसणार नाही, चार दिसतील. मधलं डाउनटाउन एकीकडे, पश्चिमेला गॅलेरिया मॉलजवळचा पुंजका दुसरीकडे, दक्षिणेला मेडिकल सेंटरचे मनोरे, मध्येच ग्रीनवे प्लाझा. गॅलेरियाजवळचा विल्यम्स टॉवर ६४ मजल्यांचा, आजूबाजूला त्याच्या निम्म्याएवढंही फारसं काही नाही. एकटा उभा आहे तो, आणि मला तो फार देखणा वाटायचा. घरी परतताना लांबून दिसला की बरं वाटायचं.

आणि या चार पुंजक्यांच्या मध्ये काय? रस्ते. केटी फ्रीवे जिथे सर्वांत रुंद आहे तिथे बाजूचे रस्ते धरून २६ पदर आहेत. डाउनटाउनमधल्या बहुतेक उंच इमारती कार्यालयांच्या. सर्वांत उंच जेपी मॉर्गन चेस टॉवर १९८२ चा, ७५ मजल्यांचा. तेलाला भाव होता त्या काळातला. १९८६ मध्ये भाव कोसळले, नि त्याहून उंच इमारत त्या शहरात आजवर झालेली नाही. दुपारी उन्हात रस्त्यावर माणूस दिसत नाही, कारण जमिनीखाली दहा किलोमीटरच्या आसपास भुयारी वाटा आहेत, थंडगार, खाण्याच्या दुकानांनी भरलेल्या. सगळे तिथून जातात. कार्यालयं सुटली की त्याही बंद. मग गाडी असलेला गाडीत बसतो, आणि नसलेला माणूस अडकतो.

म्हणून ह्यूस्टन वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही. माणसं फार उबदार आहेत तिथली. हिलक्रॉफ्टच्या महात्मा गांधी डिस्ट्रिक्टमध्ये पोह्यांपासून पोळपाटापर्यंत सगळं मिळतं. मेनिल कलेक्शनसारखं संग्रहालय फुकट बघता येतं. वॉ ड्राइव्हच्या पुलाखालून संध्याकाळी हजारो वटवाघळं धुरासारखी बाहेर पडतात, ते बघायला आम्ही जायचो. भाडं कमी, घर मोठं. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. इलिनॉयमध्ये सरसकट ४.९५ टक्के कापला जातो. तुझ्या ऑफर लेटरवरचे आकडे शेजारी शेजारी ठेवलेस तर ह्यूस्टन पुढे दिसेल. पण गाडीचा हप्ता, विमा, पेट्रोल, पार्किंग हे त्यातून वजा करून बघ. मग अंतर बरंच कमी होतं.

आता पाणी. हे मात्र नीट ऐक, कारण आपण सांगलीचे. घर बघायला गेलो की बाबा आधी काय विचारायचे? पाणी कुठवर येतं. आयर्विन पुलाशी किती फूट झालं की या गल्लीत शिरतं. ह्यूस्टनमध्ये अगदी हेच विचारायचं. सपाट जमीन, चिकणमाती, खाडीचं वारं, आणि मुरायच्या जागेवर डांबर. २००१ मध्ये अॅलिसन वादळाच्या पावसाने मेडिकल सेंटरची तळघरं भरली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी आलं तेव्हा काही भागांत चार दिवसांत मीटरभराहून जास्त पाऊस पडला. पश्चिमेला अॅडिक्स आणि बार्कर नावाची पूर अडवायची दोन धरणं आहेत. एरवी ती कोरडी असतात, म्हणून त्यांच्या पाणी साठायच्या हद्दीत वसाहती उभ्या राहिल्या होत्या. धरणाच्या पोटात आपलं घर आहे, हे पुष्कळांना पाणी दारात आल्यावर कळलं. याचा मला आजही राग येतो. टेक्सासमध्ये घरमालकाने पुराची माहिती लेखी द्यावी असा कायदा २०२२ पासून आहे. तो कागद मागून घे, वाच, आणि शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईलाही विचार. साध्या विम्यात पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. आणि २०२४ च्या जुलैमध्ये बेरिल वादळ गेल्यावर वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, अनेकांची कित्येक दिवस, त्या उकाड्यात.

शिकागोही पाण्याशी भांडूनच उभं आहे. दलदल होती इथे. एकोणिसाव्या शतकात जॅक लावून अख्ख्या इमारती वर उचलल्या, रस्ते उंच केले. घाण नदीतून सरोवरात जायची आणि तेच पाणी लोक प्यायचे, म्हणून १९०० मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. जोराचा पाऊस झाला की तळघरांत पाणी येतं अजूनही. तेव्हा स्वस्त मिळतंय म्हणून तळघरातली खोली घेऊ नकोस, तिकडेही नाही, इकडेही नाही.

आणि थंडी. ती गोड करून सांगणार नाही. २०१९ च्या जानेवारीअखेर उणे ३० सेल्सिअसच्या खाली गेलं होतं. डिसेंबरमध्ये संध्याकाळी साडेचारच्या आत सूर्य मावळतो, आणि अंगापेक्षा मनाला ते जास्त लागतं. कोट, बूट यांवर पैसे वाचवू नकोस, ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून घे, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या तरी घरी जेवायला जा. महाराष्ट्र मंडळ इथे १९६९ पासून आहे, तिथे नाव नोंदव. गणपतीला मोदक करायला हात लागतातच.

शहर माणसाला जगवतं ते कशाने, हे मला शिकागोच्याच एका दुःखद घटनेने शिकवलं. १९९५ च्या जुलैमध्ये इथे उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांतली बरीचशी म्हातारी, एकटी राहणारी. शहराच्या पश्चिम भागात शेजारी शेजारी दोन गरीब वस्त्या. एकीत दुकानं बंद पडलेली, घरं ओस, रस्त्यावर जायची भीती. तिथे फार माणसं दगावली. दुसरीत रस्ते गजबजलेले, दुकानं उघडी, लोक सावलीला जाऊन बसू शकत होते. तिथे फार कमी. विलिस टॉवर दोन्हीकडून दिसतो बरं का. म्हणून तुला सांगते, शिकागोतही कुठली वस्ती हे फार महत्त्वाचं. दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या काही भागांत बंदुकीची हिंसा आहे, दशकानुदशकांचा अन्याय आहे त्यामागे. रविवारी सकाळी त्या रस्त्यावरून चाल, मग रात्री आठला चाल, आणि मगच घरासाठी होकार दे.

तर माझं मत. तुझं कार्यालय शिकागोत लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागी, असेल तर इकडे ये. रेड नि ब्लू लाइनच्या गाड्या चोवीस तास धावतात, ब्लू लाइन थेट ओहेअर विमानतळाला जाते. ब्राउन किंवा रेड लाइनच्या स्टेशनापासून दहा मिनिटांत चालत पोचता येईल असं घर बघू. पण कार्यालय नेपरव्हिल किंवा शॉमबर्गकडे असेल तर हे सगळं फिरतं; उपनगरांतून उपनगरांत जायला इथेही गाडीच लागते, आणि मग थंडीही सोसायची नि गाडीही पोसायची, असं होईल. ह्यूस्टनची नोकरी मेडिकल सेंटरमधली आहे असं तू म्हणालीस. तसं असेल तर तेही शक्य आहे, कारण तिथली रेड लाइन डाउनटाउनपासून संग्रहालयांच्या भागातून, हर्मन पार्कवरून मेडिकल सेंटरलाच जाते. त्या मार्गावरच घर घ्यायचं, तेही वरच्या मजल्यावर, भाडं थोडं जास्त पडलं तरी. केटी किंवा शुगरलँडला मराठी माणसं पुष्कळ आहेत, पण पहिल्या वर्षी गाडीशिवाय तिथे राहू नकोस.

कल माझा शिकागोकडे आहे, लपवत नाही. मी इथे आहे हे एक कारण आहेच. पण कुणाच्या गाडीची वाट न बघता तू एकटी बाहेर पडावीस, वाचनालयात जावंस, सरोवरावर जावंस, असं मला मनापासून वाटतं. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ते मिळणं फार मोलाचं असतं.

आता एक कर. कंपनीच्या माणसाला आजच विचार की कार्यालयाचा नेमका पत्ता काय, आणि आठवड्यातून किती दिवस यायचं. तो कळला की मला पाठव. इकडचं असेल तर या शनिवारी मी स्वतः स्टेशनापासून चालत जाऊन बघते, आणि ह्यूस्टनचं असेल तर पुराच्या नकाशावर लावून रात्री फोन करते. आईशी इतक्यात बोलू नकोस, ती हार्वीचे व्हिडिओ बघत बसेल.