गुडघ्यातला धातू शरीर नाकारेल का?

प्रश्न : आई ६७ वर्षांची आहे. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितलंय. पण खोटं कानातलं घातलं की तिला पुरळ येतं. तिचं शरीर तो धातू नाकारणार नाही ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आईंची ही तक्रार तुम्ही लक्षात ठेवलीत, हे फार चांगलं झालं. पण शरीर नाकारतं ते दुसऱ्याचं मूत्रपिंड किंवा यकृत, कारण त्यात परक्या पेशी असतात. धातूत त्या नसतात. कानाला त्रास देतं ते बहुधा निकेल. गुडघ्याच्या नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूत ते अगदी थोडं असतं. असं साहित्य आयएसओ १०९९३ मानकानुसार तपासतात : त्याच्या अर्कात पेशी जगतात का, त्वचेला ॲलर्जी होते का, प्राण्यांच्या ऊतींत ठेवल्यावर सूज किती येते. या तपासण्यांत उतरलेल्या साहित्याला ‘जैवसुसंगत’ म्हणतात. तरीही ‘जैवसुसंगत’ म्हणजे प्रत्येकाला शंभर टक्के निर्धोक, असं नव्हे.

म्हणून शल्यचिकित्सकांना पुरळाबद्दल आधीच सांगा. पॅच टेस्ट करता येते. पण त्वचेवर चट्टा उठला म्हणजे गुडघाही बिघडेलच असं नाही. केवळ तेवढ्यावरून शस्त्रक्रिया रद्द करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲलर्जी तीव्र असेल, तर टायटॅनियम नायट्राइडचा लेप दिलेल्या किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्यांबद्दल विचारा. खर्च मात्र वाढतो.

पुढे कधी गुडघा सुजला, गरम लागला किंवा ताप आला, तर ॲलर्जी समजून घरी थांबू नका. आधी जंतुसंसर्गाची तपासणी करून घ्या. इम्प्लांटचे स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा, त्यावर बॅच क्रमांक असतो.