मुंबई-लंडन विमानप्रवासाचा पाठ

‘दर अंशास चार मिनिटे’ हे सूत्र वरच्या इयत्तांतील मुले चटकन पाठ करतात. परंतु प्रवासाचे उदाहरण पुढे येताच त्यांचा गोंधळ उडतो. शिक्षकांनी पुढील उदाहरण फळ्यावर लिहावे. जानेवारीत एक विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले व त्याच दिवशी सायंकाळी साडेसहा वाजता लंडनला उतरले, असे समजा. प्रवासास किती वेळ लागला? बहुतेक मुले साडेचार तास म्हणतील. हे उत्तर लगेच खोडू नये. आधी अंतर काढावयास लावावे.

अंतरासाठी भिंतीवरील नकाशा उपयोगाचा नाही. पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर तो सुमारे १७ सेंटिमीटर भरतो. गोलाचा परीघ ९४ सेंटिमीटर, पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर. त्रैराशिकाने उत्तर ७,२०० किलोमीटरच्या आसपास येते. दोरा कोणत्या देशांवरून जातो, तेही मुलांनाच वाचू द्यावे. सपाट नकाशावरील सरळ रेषेचा मध्य सीरिया-तुर्कस्तानच्या सीमाभागात पडतो. दोऱ्याचा मध्य मात्र बराच उत्तरेस, आर्मेनिया व जॉर्जिया यांच्या सीमेपाशी येतो. नकाशावर वाकडा दिसणारा हा मार्गच जवळचा होय.

आता साडेचार तासांच्या उत्तराची परीक्षा घ्यावी. त्यासाठी विमानास ताशी १,६०० किलोमीटर वेग लागेल, म्हणजे ध्वनीहूनही अधिक. (कॉन्कॉर्ड विमाने तशी उडत, त्यांची प्रवासी सेवा २००३ साली बंद झाली.) नेहमीची प्रवासी विमाने ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. तेव्हा निदान आठ तास हवेतच. मग उरलेला वेळ गेला कोठे, असे मुले आपण होऊन विचारतील. रेखावृत्तांकडे वळण्याची हीच वेळ. आपली प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखावृत्ताची, लंडनची शून्य अंशाची. ८२½ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे, अर्थात साडेपाच तास. विमान उतरले तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजले होते. प्रवास दहा तासांचा झाला.

आठाचे दहा का झाले? उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात व ते जाताना समोरून येतात. शिवाय दोऱ्याची वाट नेहमी मोकळी नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनचे आकाश नागरी विमानांस बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांस आपले आकाश बंद केले. अशा वेळी वळसा पडतो. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान तर कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले होते.

परतीचे उदाहरण घरी सोडवावयास द्यावे : लंडनहून रात्री साडेनऊला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईस पोहोचले. येथे चौदा तासांतून साडेपाच वजा करावयाचे; उत्तर साडेआठ तास. हुशार विद्यार्थ्यांस हेच गणित जुलै महिना धरून करावयास सांगावे. त्या काळात लंडनची घड्याळे एक तास पुढे केलेली असतात.