विहिरीला दोर ठेव

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. आणि तू विचारलंस, "ताई, २०३२ साली मुंबईवर लघुग्रह पडणार, हे खरं का गं?" लेकीने ते शाळेच्या व्हॅनमध्ये ऐकलं आणि तेव्हापासून ती तुला सोडेना, हे सांगताना तुझाही आवाज कापत होता. घाईघाईत मी काहीतरी बोलले, ते तुला पटलं नाही. म्हणून आता निवांत सांगते.

ती बातमी अगदीच हवेतली नव्हती. २०२४ वायआर४ नावाचा, साधारण ६० मीटरचा दगड २७ डिसेंबर २०२४ला सापडला. तो २२ डिसेंबर २०३२ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. आदळलाच तर कुठे, याचा पट्टा पॅसिफिकपासून आफ्रिकेवरून, अरबी समुद्रावरून आपल्या उपखंडापर्यंत येत होता. त्यात मुंबईचं नाव आलं, आणि मग आपली वसईतली पापडी ती किती लांब! पण तो महिना संपायच्या आत आणखी निरीक्षणं झाली, दगडाची वाट नेमकी कळली आणि पृथ्वीचा धोका मिटला. मेसेज तेवढा अजून फिरतोय.

मग आधी टक्के वाढले का, असं लेक विचारेल. तिला म्हण, रात्री किल्ल्यापाशी उभं राहून समुद्रात लांबवर एकच दिवा दिसला, तर ती बोट पाचूबंदरला येतेय की भाईंदरकडे चाललीय, कळत नाही. जवळ येते तशी एकेक जागा यादीतून गळते. पाचूबंदर उरलेल्या जागांत असेपर्यंत त्याचे टक्के वाढतात. दिशा स्पष्ट झाली की एकदम शून्य. ३.१चं तसंच झालं.

दगड पडतच नाहीत, असं मात्र तिला सांगू नकोस. आपल्या बुलढाण्यातलं लोणार हे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर असल्याच एका दगडाने बेसॉल्टमध्ये पाडलंय, सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वी. आणि १५ फेब्रुवारी २०१३ला रशियात चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा दगड हवेतच फुटला. तिथलं एक लक्षात ठेव. आधी लख्ख उजेड पडला, लोक बघायला खिडक्यांशी धावले, आणि मग मिनिटा-दोन मिनिटांनी धक्का आला. काचा फुटल्या. हजाराहून जास्त माणसं जखमी झाली, त्यातली बरीचशी काचांनी. आभाळात कधी तसा उजेड दिसलाच, तर पोरीला घेऊन खिडकीपासून लांब हो. एवढंच आपल्या हातात आहे.

पुढचा मोठा पाहुणा अपोफिस, तीनशे मीटरांहून मोठा. १४ एप्रिल २०२९ला आपल्याकडे पहाटे सव्वातीनच्या सुमारास तो जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. टीव्हीचे उपग्रहही त्याहून लांब असतात! पण पुढची किमान शंभर वर्षं तो आदळणार नाही, हे रडारने मोजून झालंय. ही तारीख घरच्या कॅलेंडरवर लेकीकडूनच लिहून घे.

तुला काळजी करायचीच असेल ना, तर सूर्याची कर. मी खरंच सांगते.

सप्टेंबर १८५९. आपल्यापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर, कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं चुंबकीय सुयांच्या नोंदी हाताने टिपत होती. सूर्यावरून उडालेला विद्युतभारित वायूचा लोट अठराएक तासांत पृथ्वीवर येऊन थडकला. एरवी याला दोन-तीन दिवस लागतात. कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकीय बल तेव्हा १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेलं. रोजचा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचाच असतो. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. ते सौर वादळ किती मोठं होतं, हे जग आजही बरंचसं या कुलाब्याच्या वहीवरून ठरवतं. ४ फेब्रुवारी १८७२ला तर मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. विजेच्या ट्रॅममुळे सुया बिघडतील म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला नेलं, आणि तिथे ते अजून चालू आहे. मला याचा फार अभिमान वाटतो.

असं वादळ तुझ्या-माझ्या अंगाला काही करत नाही. वातावरण आपल्याला सांभाळतं. ते शिरतं तारांत आणि उपग्रहांत. मार्च १९८९ला कॅनडात क्वेबेकची वीज नऊ तास गेली, साठ लाख लोक अंधारात. मे २०२४च्या वादळात लडाखच्या हानलेला आकाश लाल झालं, आणि अमेरिकेत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर पेरणीच्या ऐन दिवसांत थांबले. आपण विषुववृत्ताजवळ, म्हणून आपल्या तारांना क्वेबेकइतकी झळ बसण्याची शक्यता कमी. पण समुद्रात जीपीएसच्या भरवशावर जाणाऱ्या आपल्या माणसांना, फोनला, पैशांच्या व्यवहाराला फटका बसू शकतो. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आपलं आदित्य-एल१ यान पहाऱ्याला बसलंय. त्यावरची सूर्याची छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडवली. हे यान लोट येताना टिपतं, पण तिथून इथे पोचायला वेगवान लोटाला तासभरही लागत नाही.

म्हणून तयारी आधीच हवी, आणि ती तुला येते. २०१८चा जुलै आठव. पाणी भरलं, वीज गेली, गाड्या बंद, फोन मेले. तुझ्या बिल्डिंगचा पंप बंद पडला आणि चौथ्या मजल्यावर थेंबभर पाणी नव्हतं. आमच्या वाडीतल्या विहिरीवर मात्र बादली सोडली की पाणी येत होतं. घरात थोडी रोख रक्कम ठेव. सासूबाईंच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्त आणून ठेव. सगळ्यांचे नंबर वहीत लिही, तुला माझासुद्धा पाठ नाही. आणि बावखल, म्हणजे आपलं गावातलं तळं, बुजवायचं कुणी म्हटलं, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून नाही म्हण. वीज नसेल तेव्हा जवळचं पाणी तेच.

शुक्रवारी बाजाराला येशील ना? येताना लेकीला घेऊन ये, आणि विहिरीसाठी चांगला जाड दोर आण. आमचा विरलाय.