जुनी गाडी ऑईल पिते? इंजिन खोलण्याआधी वहीत मोजा



16 जूनपासून 15 ऑगस्टपर्यंत आपली मासेमारी बंद. या दोन महिन्यांत जाळी नीट होतात, नावेची डागडुजी होते, आणि ज्यांच्याकडे माल न्यायची गाडी आहे ते गाडीचं काम काढतात. सध्या कार्यालयात येणाऱ्या सभासदांचा एकच प्रश्न असतो : "साहेब, गाडी ऑईल पिते. मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन करावं लागेल. करू का?"

उत्तर असं आहे की आधी मोजा, मग शोधा, मग खोला. हंगाम बंद व्हायला अजून काही आठवडे आहेत. गाडी रोज चालू आहे तोवरच हे मोजून घ्यायचं. एकदा गाडी गॅरेजला उभी राहिली की ऑईल कुठून जातं ते कळत नाही, आणि मग मिस्त्री म्हणेल ते काम करावं लागतं.

आपल्या बहुतेकांकडे जुन्या मारुती व्हॅन आहेत. ओम्नी बनणं 2019 मध्येच बंद झालं, म्हणजे सगळ्यात नवी ओम्नीसुद्धा आता जुनीच. काहींकडे इको, काहींकडे डिझेल पिकअप. खाली लिहिलंय ते मुख्यतः पेट्रोल गाडीचं आहे. डिझेलचा फरक जिथे आहे तिथे वेगळा सांगितलाय.

1. किती पिते ते मोजा

"लई पिते" हा काही आकडा नाही. तो असा काढा.

गाडी सपाट जागी लावा. इंजिन गरम असताना बंद करा, दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं. पट्टी काढा, पुसा, परत पूर्ण घाला, काढून बघा. (ओम्नी आणि इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलायचा कंटाळा करू नका.) ऑईल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा. मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहा.

500 किलोमीटर झाले की त्याच जागी, तसंच परत बघा. मापाच्या बाटलीने थोडं थोडं ऑईल घालत परत वरच्या खुणेवर आणा. किती मिली लागलं ते लिहा. वही अशी दिसेल :

12 मे, 84,300 किमी, वरच्या खुणेवर
19 मे, 84,800 किमी, 200 मिली घातलं

500 किलोमीटरला 200, म्हणजे 1,000 किलोमीटरला 400 मिली. हा तुमच्या गाडीचा आकडा. असं दोनदा मोजा. एकदाच्या मापावर जाऊ नका.

बहुतेक गाड्यांत पट्टीच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. नक्की किती ते गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. वरच्या खुणेच्या वर कधीच भरू नका. जास्त झालेलं ऑईल फिरत्या क्रँकला लागतं, त्याचा फेस होतो, आणि ते ब्रीदरवाटे जळायला जातं. म्हणजे जास्त भरलं तर गाडी अजून जास्त पिते.

एक फसवी गोष्ट. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर इंजिन नीट तापत नाही आणि थोडं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी भरलेली दिसते. मग एक दिवस इंदूरची लांब फेरी झाली की ते पेट्रोल उडून जातं आणि ऑईल एकदम कमी दिसतं. पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर हेच समजा. आधी ऑईल बदला, मग मोजायला घ्या.

2. गळतंय की जळतंय?

ऑईल दोनच वाटांनी जातं, बाहेर गळून किंवा आत जळून. हे ठरवल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

गळती बघायला रात्री इंजिनखाली जुनं खोकं उलगडून पसरा. आपल्या गाड्यांची अडचण वेगळी आहे. क्रेटमधल्या बर्फाचं पाणी खाली ठिबकत राहतं आणि त्यात ऑईलचा थेंब लपतो. म्हणून आधी क्रेट उतरवा, गाडी धुवा, सुकू द्या, मग खोकं ठेवा.

खोकं कोरडं राहिलं तरी निर्धास्त होऊ नका. काही गळती फक्त इंजिन गरम आणि चालू असतानाच होते. इंजिन बाहेरून स्वच्छ पुसून घ्या, 50 किलोमीटर चालवा आणि टॉर्च मारून बघा. ऑईल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे सगळ्यात जास्त ओलं दिसतं तिथे गळती असेलच असं नाही. सगळ्यात वरची ओली जागा शोधा. बघायच्या जागा अशा :

– टॅपेट कव्हरचं पॅकिंग. इथलं ऑईल गरम सायलेन्सरच्या पाईपवर पडलं की जळका वास येतो, ओम्नीत तो थेट सीटखालून येतो.
– ऑईल फिल्टर आणि चेंबरचा नट, त्याचा वॉशर.
– ऑईल प्रेशरचा स्विच.
– पुढच्या पुलीमागचं सील.
– इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं मागचं सील. हे गेलं तर क्लचही घसरायला लागतो.

यातली पहिली तीन कामं स्वस्तातली आहेत. पॅकिंग आणि वॉशर बदलून ऑईल थांबत असेल तर इंजिन कशाला खोलायचं?

3. जळत असेल तर धूर कधी येतो ते बघा

ऑईल जळाल्याचा धूर निळसर असतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त जातंय, ती वेगळी भानगड. पांढरा दाट धूर येतो आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतं, तर हेड गॅस्केट तपासा. ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखी साय दिसली तर पाणी आत गेलं असण्याची शक्यता असते, पण छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही येते. म्हणून आधी रेडिएटरची पातळी बघा.

आता निळा धूर कधी येतो ते बघा. यासाठी आपला रोजचा रस्ताच कामाचा आहे. खलघाटहून धामनोद, मानपूर करत इंदूरला माल नेताना गाडी निमाडातून माळव्यात चढते. येताना रिकामी गाडी घाट उतरते. मागच्या गाडीतल्या ओळखीच्या माणसाला धुराकडे बघायला सांगा.

चढताना, भरल्या गाडीत, सारखा धूर : पिस्टन रिंग किंवा बोअरवर संशय.

उतरताना पाय उचललेला आणि खाली परत ॲक्सिलरेटर दाबल्यावर एकदम धुराचा लोट : वॉल्व्ह सील किंवा गाईडवर संशय. पाय उचलला की पेट्रोल इंजिन आत जोराने ओढतं आणि कडक झालेल्या सीलमधून ऑईल खाली येतं. डिझेल इंजिनात अशी ओढ नसते, म्हणून ही खूण तिथे चालत नाही.

सकाळी पहिल्या स्टार्टला एक लोट आणि मग बंद : हेही बहुधा वॉल्व्ह सील. रात्रभर ऑईल झिरपून खाली आलेलं असतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. धूर कमी दिसावा किंवा पेट्रोल वाचावं म्हणून घाटात गाडी न्यूट्रल करू नका. गणेश घाटात ब्रेक फेल होऊन काय झालंय ते आपल्याला कुणी सांगायला नको. गिअरमध्येच उतरा.

धूर दिसला नाही म्हणजे ऑईल जळत नाही असंही नाही. सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर थोडा धूर तिथेच जिरतो. अशा वेळी प्लग काढून बघा. ज्या सिलिंडरचा प्लग काळा आणि तेलकट ओला, तिथे ऑईल येतंय.

डिझेल पिकअपला टर्बो असेल तर त्याचा हवेचा पाईप काढून बघा. आत ऑईलचा पातळ थर चालतो, पण साचलेलं ऑईल दिसलं तर टर्बो तपासून घ्या.

4. स्वस्त कामं आधी

पहिलं म्हणजे पीसीव्ही वॉल्व्ह आणि ब्रीदर पाईप. इंजिनच्या पोटातली हवा इथून बाहेर जाते. हा वॉल्व्ह कचऱ्याने तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑईल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. मग चांगली सीलंही गळायला लागतात. वॉल्व्ह काढून हलवून बघा, आतलं खडखड वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर क्लीनरने धुवा किंवा बदला. हाफ इंजिनचा विषय काढण्याआधी मिस्त्रीला विचारायचा पहिला प्रश्न हाच : "पीसीव्ही बघितला का?"

दुसरं, ऑईल. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. पुस्तिकेत दोन-तीन ग्रेड दिले असतील तर निमाडच्या उन्हाळ्यात जुन्या गाडीला त्यातला जाड ग्रेड घेऊन बघा. 10डब्ल्यू-40 मधला मागचा आकडा म्हणजे गरम झाल्यावरचा जाडपणा. पुस्तिकेबाहेरचं फार जाड ऑईल टाकू नका, सकाळी ते वरपर्यंत वेळेवर पोचत नाही आणि झीज वाढते.

तिसरं, काजळीने अडकलेल्या रिंगा. ऑईल उशिरा बदलत राहिलं की हे होतं. एकदम इंजिन खोलण्यापेक्षा चांगलं ऑईल आणि फिल्टर निम्म्या अंतराला दोन-तीन वेळा बदलून बघा. कधी कधी रिंगा मोकळ्या होतात आणि वहीतला आकडा खाली येतो. बोअरच झिजलं असेल तर मात्र कोणत्याही बाटलीतल्या औषधाने ते भरून येत नाही.

5. खोलायचंच असेल तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट

पेट्रोल गाडीत मिस्त्रीला कॉम्प्रेशन मोजायला सांगा. सगळ्या सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. जो कमी असेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल घालून परत मोजायचं. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर. चढला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. आकडे सगळीकडे चांगले असतील आणि तरी सकाळी धूर येत असेल, तर बहुधा फक्त वॉल्व्ह सीलचं काम आहे. हाफ इंजिन आणि वॉल्व्ह सील यांच्या खर्चात मोठा फरक असतो, तो या टेस्टने वाचतो.

6. हिशोब

आकडे फक्त समजण्यापुरते. गाडी 1,000 किलोमीटरला 400 मिली पिते, महिन्याला 2,000 किलोमीटर चालते, ऑईल 400 रुपये लिटर धरा. महिन्याला 800 मिली, म्हणजे 320 रुपये. हाफ इंजिनला 24,000 धरले तर ते वसूल व्हायला 75 महिने, म्हणजे सव्वासहा वर्षं. तोवर गाडी तरी राहील का? अशा गाडीला पट्टी बघून ऑईल घालत राहणं हाच शहाणपणा.

पण वहीत आकडा महिन्यागणिक वाढतोय, लिटरच्या जवळ चाललाय, प्लग वारंवार खराब होतात, किंवा धुरामुळे पीयूसी मिळत नाही, तर या बंदीतच काम काढा. ऑगस्टमध्ये बर्फात भरलेला माल घेऊन गाडी घाटात उभी राहिली तर एका दिवसाचा मालही जातो आणि गिऱ्हाईकही.

आणि काहीही झालं तरी पट्टी बघणं सोडू नका. ऑईलचा लाल दिवा पातळी सांगत नाही, दाब सांगतो. तो लागला म्हणजे ऑईल कधीचंच कमी झालंय. "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" म्हणू नका. तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. कमी ऑईलवर चाललेल्या दहा किलोमीटरमध्ये सीलचं काम फुल इंजिनचं होऊन बसतं.

नाववाल्यांसाठी

नावेला डिझेल इंजिन असेल तर हीच वही तिथेही चालते. नाव सरळ उभी असताना पट्टी बघा, रोज त्याच घाटावर. किलोमीटरऐवजी चाललेले तास लिहा. नावेच्या तळाला साचलेलं ऑईलमिश्रित पाणी नर्मदेत उपसू नका, कापडाने टिपून डब्यात भरा. गाडीचं जळकं ऑईलही झाकणाच्या डब्यात जमवून, जुनं ऑईल घेणाऱ्या गॅरेजलाच द्या. ज्या पाण्यातून आपलं पोट भरतं त्यावर ऑईलचा तवंग आपल्याच हाताने नको.

निसरपूर, कुक्षी, मनावर, धरमपुरी, खलघाट आणि तिकडे नेमावरचे सगळे गाडीवाले, उद्या सकाळी माल भरण्याआधी पट्टी बघा आणि पहिली नोंद करा. बंदी लागेपर्यंत दोन-तीन मापं हातात येतील. ती वही घेऊन कार्यालयात या, बसून बघू आणि मग ठरवू.

आपला,
सचिव