आयसीयूतली पहिली नोकरी : पगाराआधी विचारायचे प्रश्न

बी.एस्सी. नर्सिंगचा किंवा जीएनएमचा निकाल लागला की अनेक घरांत दोन मतं पडतात. मुलीला आयसीयू हवं असतं, कारण पुढे आखातात किंवा युरोपात जायचं तर त्या अनुभवाला किंमत आहे. आईवडिलांना वाटतं, इतक्या गंभीर पेशंटची जबाबदारी नवख्या पोरीवर नको, आधी वर्षभर वॉर्ड करू दे.

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. वॉर्ड केल्याशिवाय आयसीयूत घेऊ नये असा काही नियम नाही. उलट नर्सेसचा तुटवडा असलेल्या लहान हॉस्पिटलांत फ्रेशर मुलीलाही थेट आयसीयूत उभं करतात. अडचण तिथेच आहे. नोकरी मिळते, पण हाताखाली घेऊन शिकवणारं कोणी नसतं. त्यामुळे शोधायचं ते शिकवणारं आयसीयू.

अर्ज करण्याआधी

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी सर्वात आधी. निकालानंतर तिला उशीर लावू नका.

बीएलएस म्हणजे जीवनरक्षणाचं मूलभूत प्रशिक्षण. ते करून ठेवणं चांगलं. त्यापुढचं प्रगत प्रशिक्षण, एसीएलएस, मात्र घाईने स्वतःच्या खर्चाने करण्याआधी चौकशी करा, कारण काही मोठी हॉस्पिटलं ते रुजू झाल्यावर करून घेतात. या दोन्हींसाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन जी कार्डं देते त्यांची मुदत २ वर्षांचीच असते. हिपॅटायटिस बी लसीचे ३ डोस पूर्ण करायला ६ महिने लागतात, म्हणून ते शिकत असतानाच घ्या.

इंटर्नशिपमध्ये आयसीयूची पोस्टिंग मिळाली तर काय काय केलं ते वहीत लिहून ठेवा : सक्शन, सेंट्रल लाइनचं ड्रेसिंग, दर तासाचं इनटेक-आउटपुट, दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलणं. काय नुसतं पाहिलं आणि काय स्वतःच्या हाताने केलं, हे वेगळं लिहा. मुलाखतीत हाच फरक विचारला जातो.

मुलाखतीत काय पाहतात

नव्या मुलीला व्हेंटिलेटरचे सगळे मोड पाठ असावेत अशी अपेक्षा नसते. हिशेब पक्का हवा आणि डोकं शांत हवं. एक नेहमीचा प्रश्न घ्या. पेशंटचं वजन ६० किलो. नॉरअ‍ॅड्रेनलिन मिनिटाला दर किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचंय. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध भरलंय. पंप कितीवर लावाल? मिनिटाला ६, म्हणजे तासाला ३६० मायक्रोग्रॅम. एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम. उत्तर, तासाला ४.५ मिली. असे हिशेब रोज दोन-चार सोडवले की महिन्याभरात हात बसतो.

दुसरा प्रश्न प्रसंगाचा असतो : मॉनिटरवर सॅच्युरेशन एकदम ८२ दिसलं, काय कराल? आधी पेशंटकडे पाहायचं, मदतीला हाक मारायची. श्वास चालू आहे का, ट्यूब किंवा ऑक्सिजनची नळी सुटलीय का, प्रोब सरकलाय का, हे लगोलग तपासायचं. मॉनिटरचा अलार्म बंद करून पुढे जाणारी नर्स कोणत्याही इन्चार्ज सिस्टरला नको असते. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत कधीही पुश करायचं नाही, ही गोष्टही झोपेत विचारली तरी सांगता आली पाहिजे.

तुम्ही काय विचारायचं

• एका नर्सकडे किती पेशंट? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक नर्स आणि बाकीच्या दोघांमागे एक, हे मान्य प्रमाण आहे. रात्रपाळीतही तेच असतं का, हे आवर्जून विचारा.

• सीनिअरच्या हाताखाली किती आठवडे ठेवणार? स्वतंत्र पेशंट कधी देणार? 'शिकाल हळूहळू' असं उत्तर आलं तर सावध व्हा.

• रात्री डॉक्टर आयसीयूत हजर असतात की फोनवर?

• बाँड किती काळाचा आणि मोडला तर किती रक्कम? मूळ प्रमाणपत्रं पडताळणीसाठी दाखवा, ताब्यात देऊ नका.

असे प्रश्न विचारल्याने नोकरी जाईल ही भीती बाळगू नका. चांगल्या हॉस्पिटलची मॅट्रन त्यांची उत्तरं सहज देते.

सरकारी वाट

एम्सची 'नॉरसेट' परीक्षा देशभरातल्या एम्ससाठी असते, त्यात नागपूरही आलं. निवड झाल्यास सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव लागतो. राज्याचा वैद्यकीय शिक्षण विभाग, आरोग्य विभाग आणि महापालिका यांची भरती वेगळी निघते. मात्र सरकारी नोकरीत आयसीयू मागून मिळेलच असं नाही, कारण नेमणूक वरून ठरते.

पालकांसाठी

रात्रपाळी टळणार नाही. म्हणून हॉस्टेल किंवा जाण्यायेण्याची सोय स्वतः पाहून या. पगाराबद्दल एक आधार लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधल्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने, ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सचा पगार २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावा, अशी शिफारस केली. ती सगळीकडे पाळली जात नाही, पण बोलणी करताना माहीत असावी.

पहिल्या काही महिन्यांत पोरगी गप्प होईल, क्वचित रडेल. आपल्या हातातला पेशंट दगावणं पचायला वेळ लागतो. अशा वेळी 'सोडून दे' म्हणण्याआधी तिचं ऐकून घ्या आणि तिच्या सीनिअर सिस्टरशी बोलायला सांगा.

पुढे वाढायलाही वाव आहे. क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. बी.एस्सी.नंतर वर्षभर काम केलेल्यांसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे.

दोन ऑफर हातात असतील, एक लहान हॉस्पिटलच्या आयसीयूची, तीन हजार जास्त देणारी पण रात्री एकटीला सोडणारी, आणि दुसरी मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डची, जिथे प्रशिक्षण आहे आणि सहा महिन्यांनी आयसीयूत बदली मागता येते, तर दुसरी घ्या. आयसीयू सहा महिने उशिरा मिळालं तरी चालेल. चुकीच्या सवयी लागल्या तर त्या मोडायला त्याहून जास्त वेळ जातो, आणि तोवर किंमत पेशंट मोजत असतो.