आधी पाण्याचा हिशेब

अंबाजोगाई

चि. बाळास,


माजलगावच्या घराचा स्लॅब टाकून झाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. बंबाऐवजी गीझर बसवावा की सोलर, असं तू विचारलंस. माझं मत सोलरचं. पण आपल्या बीड जिल्ह्यात पाणी तापवायच्या आधी पाण्याचाच हिशेब मांडावा लागतो.

शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला गीझरला साधारण 3 युनिट वीज लागते. आणि ती वीजही पाण्यावाचून होत नाही. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. बंबाला पऱ्हाट्या-तुराट्या घरच्या मिळतात, पण धूर ताईच्या डोळ्यांत जातो. गोबरगॅस उत्तम, मात्र दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी हवं. जनावरं चारा छावणीत गेली की गॅस बंद.

सोलर घेताना बोअरच्या पाण्याकडे बघ. सपाट पेटीतल्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने चोंदतात. म्हणून काचेच्या नळ्यांचा घे आणि वर्षातून एकदा धुऊन घे. तोंड दक्षिणेला, उतार 30 अंशांच्या आसपास ठेव; गरम पाणी हिवाळ्यात हवं असतं आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच लागते, हे मिस्त्रीला आजच सांग.

न्हाणीघर शक्यतो सोलरच्या खालीच काढ. पाऊण इंची पाइप 10 मीटर लांब गेला, तर गरम पाणी येईपर्यंत सुमारे अडीच लिटर गार पाणी मोरीत जातं. ते बादलीत धर, भांड्यांना होईल.

उन्हाळ्यात टँकरची वाट बघता बघता नळ्या कोरड्या पडल्या, तर भर दुपारी त्यात पाणी सोडू नकोस. तापलेली काच तडकते. पहाटे भर, तोवर वर गोणपाट टाकून ठेव.

माणशी 25 लिटर गरम पाणी पुरतं. तुम्ही चौघं, म्हणजे 100 लिटरचा बस झाला. दुकानदार 200 चा गळ्यात मारू लागला तर ऐकू नकोस. वाचलेल्या पैशांत छतावरचं पावसाचं पाणी साठवायला टाकी बांध. बंबही मोडीत घालू नकोस, ढगाळ दिवशी लागेल.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा